मी विकू न दिलेलं घर

ते घर माझ्याकडे विकायला आलं तेव्हा अंगणातल्या देशी बदामाची पानं लाल होऊन गळत होती. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचो. सत्तरीच्या होत्या. यजमान खाणीत नोकरीला होते, ते गेल्यावर काही वर्षं त्या एकट्याच राहिल्या आणि आता नागपूरला मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांनी कुलूप लावलं, चावी माझ्या हातावर ठेवली आणि लगेच परत घेतली. कुलूप उघडून पुन्हा आत जाऊन आल्या.

"काही विसरलं का, काकू?"

"नाही बेटा, अशीच गेलती."

मग चावी दिली. मुलाची गाडी बाहेर सुरूच होती. गाडीच्या खिडकीतून हात काढून एवढंच म्हणाल्या, "आठ दिवसातून एकदा खिडक्या उघडत जाजो. बंद घर वास मारते."

बालाघाटात घरं दाखवणं हा माझा धंदा आहे. माझ्या कार्डावर प्रॉपर्टी सल्लागार असं छापलंय, लोक दलाल म्हणतात. त्याआधी मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. एका गिऱ्हाइकानं, तुझे फोटो चांगले येतात म्हणून, त्याच्या प्लॉटचे फोटो काढायला नेलं. ते मी नेटवर टाकले आणि तीन आठवड्यांत प्लॉट गेला. त्या दिवसापासून मी ह्या कामात पडलो. रिवाज दोन टक्क्यांचा होता. एक टक्का विकणाऱ्याकडून, एक घेणाऱ्याकडून. महिन्याला एक घर गेलं तरी आमचं दोघांचं नीट चालायचं. मूलबाळ आम्हाला नाही.

पहिल्या रविवारी बायकोला सोबत नेलं ते झाडायला. फोटो काढायच्या आधी घर झाडून घ्यावं लागतं. जाळी आणि धूळ फोटोत खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. घर रेल्वे फाटकाच्या पलीकडे, गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. तीन खोल्या, पुढे पडवी, वर गच्ची. गच्चीवरून जंगलाची निळी रेघ दिसते. बायकोनं तिन्ही खोल्या झाडल्या, फरशी पुसली आणि मधल्या खोलीत ओली फरशी वाळायची वाट बघत भिंतीला टेकून बसली. मी गच्चीवरचे फोटो काढून खाली आलो तेव्हा ती झोपलेली होती.

ती दुपारची झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आम्ही राहायचो त्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या भिंतीला पिठाची चक्की लागून होती. सकाळपासून भिंत थरथरायची. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायचे. बायको त्यातच ब्लाऊज शिवायची आणि डोकं दुखतं म्हणायची. इथं काहीच वाजत नव्हतं. बदामाचं एक पान पडलं तरी ऐकू येत होतं. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत तिच्या पायांपर्यंत आलं, आणि मी त्याच वेळी दारात उभा राहून एक फोटो काढला. ती त्यात नाही. फक्त खोली, ऊन, आणि उघडी खिडकी. माझ्या सगळ्या फोटोंत तो चांगला आला.

दुसऱ्या रविवारी तिनं स्वतःहूनच विचारलं, "खिडक्या उघडाले जायचं ना?" सोबत चटई घेतली, डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी घेतली. तिसऱ्या रविवारी उशी आली.

मग तो आमचा नेमच झाला. जेवण झालं की चटईवर दोघंही आडवे व्हायचो. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या जागेत ती बोलायची. डोळे मिटलेले असायचे. "इथं माही मशीन. उजेड डाव्या हातून पाह्यजे." थोड्या वेळानं, "सैपाकघरात फळी एकच बस. जास्त फळ्या लावल्या का डबेच वाढतात." मी हूं हूं करायचो. कधी डोळा लागायचा आणि मला आतल्या खोलीत कोणी पाणी ओतल्याचा आवाज यायचा, कढईत फोडणी पडल्याचा वास यायचा, आणि उठून बघितलं तर कोरी फरशी. एकदा मी झोपेतच उठून पडवीचा दिवा लावायला गेलो. तिथं दिवाच नव्हता. माझा हात मात्र भिंतीवर बरोबर एका ठिकाणी गेला, जणू बटण रोज तिथंच असतं.

आम्ही ते घर घेऊ शकत नव्हतो. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही त्याबद्दल बोललोच नाही.

फोन यायला लागले. पहिला वारासिवनीच्या एका राईस मिलमधल्या मुनिमाचा होता. मी त्याला सांगितलं की रेल्वे फाटक दिवसातून कितीदा तरी बंद असतं, तुम्हाला जाणंयेणं जड जाईल. हे खरंच होतं. फक्त एरवी मी ते शेवटी सांगतो, त्या दिवशी पहिलंच वाक्य ते निघालं. दुसरा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही आणि नंतर परत करायचं विसरलो असं मनाशी म्हणालो. तिसरा माणूस स्वतः आला. खैरलांजीकडच्या शाळेतले मास्तर. त्यांची बदली बालाघाटात झाली होती. त्यांनी बाहेरूनच घर पाहिलं, बदामाखाली उभे राहून वर बघितलं आणि विचारलं, "पाण्याचं कसं आहे?"

"नळाले पाणी कमी येते," मी म्हणालो. "उन्हाळ्यात तं विचारूच नका."

त्या नळाला सकाळी-दुपारी भरपूर पाणी यायचं. आदल्या रविवारीच बायकोनं तिथं डोकं धुतलं होतं. मास्तर मान हलवून गेले. मी गेटाला कडी लावली आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. आपण काय केलं ते मला कळत होतं, पण ते दुसऱ्याच कोणी केल्यासारखं, लांबून. त्या संध्याकाळी मी नेटवरचा मधल्या खोलीचा फोटो काढून टाकला आणि मागच्या भिंतीचा, शेवाळलेला, पहिल्या जागी लावला.

ह्याच सुमारास बसस्टँडसमोर एका बाईनं काचेचं ऑफिस उघडलं. वय तिशीच्या आसपास. आधी बँकेच्या घरकर्जाच्या फायली फिरवायची, त्यामुळे कोणाला किती कर्ज मिळतं हे तिला तोंडपाठ होतं. बाहेर पाटी होती: कमिशन फक्त एक टक्का, तेही काम झाल्यावर. महिन्याभरात माझे तीन घरमालक तिच्याकडे गेले. मी दीडवर आलो. तिनं विकणाऱ्याला काहीच लावायचं नाही असं ठरवलं, एक टक्का फक्त घेणाऱ्याकडून. मी पण एकवर आलो आणि फोनवर लोकांना म्हणायला लागलो, "पाहू ना, आपसात ठरवू."

एक दिवस चहाच्या टपरीवर तीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भैया, ऐसे रेट पाडत राह्यलो तर दोघंही उपाशी मरू." ती हिंदी-मराठी अशीच मिसळून बोलायची.

"पाडाले सुरुवात कोणं केली?"

"मैंने की. मी नवीन आहे, त्यात बाई. दोन टक्के मागितले असते तर कोण आलं असतं माझ्याकडे? तुम्हीच सांगा."

तिनं स्वतःच्या चहाचे पैसे दिले आणि स्कूटीवर बसून निघून गेली. मला तिचा राग यायला हवा होता, तेवढा आला नाही.

त्या दिवसांत मला काकूंच्या घराच्या कमिशनची सगळ्यात जास्त गरज होती. हातात असलेलं तेच एक चांगलं घर होतं. तरी दर रविवारी आम्ही चटई घेऊन जात होतो आणि सोमवारी मी फोन उचलत नव्हतो.

काकूंचा फोन मात्र उचलावा लागायचा. आधी महिन्यातून एकदा यायचा, मग आठवड्याला यायला लागला.

"काहून होऊन नाही राह्यलं रे बेटा?"

"मार्केट थंडं आहे, काकू."

"खिडक्या उघडतं ना?"

"हौ. दर रविवारी."

एकदा त्या म्हणाल्या, "घाई नसती केली रे. पण इथं एकच झोपायची खोली आहे. मी हॉलमधी सोफ्यावर झोपतो. त्यायचं टीव्ही पाहणं झालं का मंग दिवा बंद होते. ते घर गेलं का पोरगा मोठा फ्लॅट घेतो म्हणते. मंग मले एक खोली भेटन." आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "तसं पोरगं चांगलं आहे माहं. सून पण चांगली आहे."

मी फोन ठेवला. त्याच दिवशी चांगला फोटो परत लावायचा असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि बायको सोबत एक दोरा घेऊन आली होती. तिनं मधल्या खोलीच्या खिडकीला तो आडवा लावला, दातांनी तोडला आणि गुंडाळून पदराला बांधला.

"कशाले?" मी विचारलं.

"असाच. माप असलेलं बरं."

मी फोटो लावला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही जेवून आडवे झालो होतो. दाराला आतून कडी होती. माझा डोळा लागला होता, आणि त्या झोपेत कोणीतरी आमच्याकडे पाहुणे म्हणून आलं होतं; मी त्यांना बसा बसा म्हणत होतो. मग कळलं की थाप खरीच पडते आहे. मी तसाच उठलो आणि दार उघडलं.

बाहेर ती काचेच्या ऑफिसवाली बाई उभी होती. हातात चावी. काकूंनी मुलाजवळची दुसरी चावी तिला पाठवली होती. तिच्या मागे खैरलांजीचे मास्तर आणि त्यांची बायको.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत. चटई, उशी, उघडा डबा, आणि केस सावरत उठून बसलेली माझी बायको.

"भैया," ती हळूच म्हणाली, "तुम्ही इथं राहता काय?"

"नाही. खिडक्या उघडाले आलतो."

मास्तर मला ओळखून म्हणाले, "अरे, हेच तं म्हणले होते ना, नळाले पाणी नाही येत म्हणून!"

ती बाई चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नळ उघडला. पाणी इतक्या जोरात आलं की तिच्या बाहीवर उडालं. तिनं तो लगेच बंद केला नाही. भांडं नसलेल्या त्या रिकाम्या घरात पाण्याचा आवाज तिन्ही खोल्यांत फिरला. मी जमिनीकडे बघत होतो, तरी बायको माझ्याकडे बघते आहे हे मला कळत होतं.

मग बायको उठली. तिनं चटई गुंडाळली, डबा झाकला, पदर नीट केला आणि मास्तरांच्या बायकोला म्हणाली, "या बाई, मी दाखवतो तुमाले."

आणि तिनं घर दाखवलं. मी इतकी वर्षं घरं दाखवतो आहे, पण तसं मला कधी जमलं नाही. सकाळचं ऊन कुठं येतं आणि दुपारचं कुठून निघून जातं हे तिनं हात फिरवून सांगितलं. मागच्या दाराची कडी पावसाळ्यात फुगते, तेव्हा जरा वर उचलून ओढायची. कोपऱ्यातून मुंग्या निघतात, तिथं हळद टाकायची. शेवाळ आहे ते फक्त भिंतीच्या वरवर, आत ओल नाही. हात लावून पाहा. सैपाकघरात फळी एकच लावा. मधल्या खोलीत आल्यावर ती खिडकीजवळ थांबली. "इथं काही बसून करायचं काम असंन तं करा. उजेड डाव्या हातून येते." मास्तरांच्या बायकोनं विचारलं, "तुम्ही इथं राह्यल्या आहात काय?" ती म्हणाली, "नाही. आम्ही फाटकाच्या तिकडं राहातो."

मास्तर गच्चीवर जाऊन आले आणि घर पसंत आहे हे खाली येताना त्यांचा चेहराच सांगत होता.

घरी आम्ही पायी निघालो. फाटक बंद होतं. गोंदियाहून येणारी गाडी जाईपर्यंत उभं राहावं लागलं. गाडी गेल्यावरही ती हलली नाही.

"मले कधी सांगतलं नाही तुम्ही," ती म्हणाली.

"तुले तिथं झोप लागत होती."

"मी झोपाले येत होती. तुम्ही तं घर अडवून बसले." आवाज चढलेला नव्हता. "ती ऑफिसवाली सांगत होती, म्हातारी तिकडं सोफ्यावर झोपते. हे माहीत होतं तुमाले?"

"हौ. मागच्या शनिवारी कळलं."

"मंग मागच्या रविवारी काहून गेलो आपण?"

फाटक कधीचं उघडलं होतं. मागून मोटारसायकली आमच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होत्या.

घरी पोचल्यावर मी काकूंना फोन लावला. बायको समोर बसली होती. मी सगळं सांगितलं; मुनिमाचं, मास्तरांचं, पाण्याचं, फोटोचं. रविवारी आम्ही तिथं जेवायचो, झोपायचो, तेही सांगितलं.

"कोणत्या खोलीत झोपत होते?" काकूंनी विचारलं.

"मधल्या."

"हौ. तिथं झोप चांगली लागते." मग म्हणाल्या, "पण तू खोटं नव्हतं बोलाले पाह्यजे बेटा. मी रोज वाट पाहून राह्यली होती." आणि फोन ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दोन आठवड्यांत बयान्याचे पैसे पोचले, दीड महिन्यात रजिस्ट्री. काकू आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या, पण कमी. माझ्या बायकोचा हात मात्र त्यांनी धरून ठेवला आणि सही करायची वेळ आली तेव्हाच सोडला. काम सगळं त्या ऑफिसवाल्या बाईनं केलं होतं, कमिशन तिचं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. पुढे काकूंच्या मुलानं मोठा फ्लॅट घेतल्याचं तिच्याकडूनच कळलं.

रजिस्ट्रीच्या दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. काचेआडून बसस्टँडची गर्दी आवाजाशिवाय हलताना दिसत होती. तिनं फोन माझ्यासमोर धरला. त्यात माझा तो मधल्या खोलीचा फोटो होता.

"मास्तर ह्या फोटोवर आले. तुम्ही पहिल्यांदा टाकला तेव्हा मी सेव्ह करून ठेवला होता. मग तुम्ही काढला. क्यूं निकाला, ते मला तेव्हा कळलं नाही." तिनं फोन खाली ठेवला. "मला असे फोटो येत नाहीत."

मी काही म्हणायच्या आत ती बायकोकडे वळली. "और वहिनी, तुम्ही घर दाखवलं तसं मला दाखवता येत नाही. मी फक्त चौरस फूट सांगते. दोघं मिळून माझ्यासोबत काम कराल?"

बायकोनं विचार करायला दोन दिवस घेतले. तिची एकच अट होती, ती माझ्यासमोरच सांगितली: जे वाईट असेल तेही मी सांगीन. ऑफिसवाली म्हणाली, चालेल. नंतर तिला ते कधीकधी जड गेलं, पण शब्द तिनं फिरवला नाही.

असे आम्ही तिघं एकत्र आलो. मी आणि ऑफिसवालीनं एकमेकांचे रेट पाडायचं थांबवलं, म्हणजे थांबवावंच लागलं, कारण पाडायला समोर कोणी उरलं नाही. मिळेल ते तीन ठिकाणी वाटलं जातं, त्यामुळे कोणी श्रीमंत झालं नाही. घर आम्ही अजून घेतलं नाही. चक्कीशेजारच्या खोल्या मात्र सोडल्या. आता मागच्या बाजूला एका शाळेचं मैदान आहे. मुलं ओरडतात, पण भिंत हलत नाही. बायको रिकाम्या घरांसाठी साधे पडदे शिवते, फोटो काढताना किंवा घर दाखवताना लावते आणि काम झालं की काढून आणते.

मास्तरांच्या घरावरून जाणं होतं. एकदोनदा त्यांच्या बायकोनं चहाला बोलावलं. बायको गेली, मी गेलो नाही. मला अजून जमत नाही.

गेल्या काही महिन्यांत नवीनच सुरू झालंय. बाहेरची एक कंपनी तुमचं घर आमच्या यादीत नेटवर फुकट टाका, दलाल नको, असं म्हणत फिरते आहे. ऑफिसवाली रोज सकाळी त्यांची यादी उघडून बघते आणि कपाळाला हात लावते. परवा राजेगावच्या रस्त्यावरचं एक घर आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही होतं. आम्ही घेणारी पार्टी घेऊन गेलो. नवरा-बायको दोघंही खूश होते, बोलणी जवळपास ठरली होती. तेवढ्यात माझ्या बायकोनं त्यांना सांगितलं की मागच्या शेतात धान निघालं की पेंढा जाळतात, आठ-दहा दिवस धूर घरात येतो, आणि तुमच्या सोबत लहान लेकरू आहे. ते विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले.

ऑफिसवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "भैया, समझाओ इनको."

मी बायकोकडे पाहिलं. ती पडदे काढून घडी घालत होती.

"आणखी एका घराचे फोटो काढायचे आहेत ना आज?" ती म्हणाली. "चला, ऊन जाईल."